ओळख आणि श्वास: गिलँ-बारे आजाराचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे आणि हा तर डॉक्टरांचा प्रांत. प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे डॉक्टर लागतं ते पीएच.डी.मुळे, आणि त्या पदवीचा कुणाची नाडी पाहायला उपयोग होत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आज इथे औषधोपचाराचा सल्ला मिळणार नाही. इतिहास मिळेल.

हा विषय घेण्याची कारणं दोन. पहिलं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस हे नाव घरोघरी पोचलं. वर्तमानपत्रांनी त्याचे 'गुलेन बॅरी', 'गुइलेन बॅरे' असे निरनिराळे उच्चार छापले. मूळ नावं फ्रेंच आहेत, म्हणून आम्ही आपलं 'गिलँ-बारे' म्हणू. दुसरं कारण घरचं आहे.

१९७९ साली आमचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा होता. पावसाळा सरता सरता त्याला चार दिवस जुलाब झाले, थांबले, आणि आम्ही ते विसरूनही गेलो. दोन आठवड्यांनी त्याच्या पावलांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना चढताना गुडघे मोडायला लागले. गावच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. शेजारच्या आजी म्हणाल्या, वात आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, परीक्षेचं टेन्शन घेतलंय पोराने. चौथ्या दिवशी त्याला खाटेवरून उठता येईना, तेव्हा आम्ही त्याला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय हलला नाही. मग ते भावाला म्हणाले, एक खोल श्वास घे आणि त्या एका श्वासात जमतील तितके आकडे मोज. तो सव्वीसपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरापर्यंत. त्याच संध्याकाळी अकरापर्यंत.

ते आकडे आम्ही अजून विसरलेलो नाही. आज जे सांगायचं आहे ते त्या आकड्यांतूनच निघालेलं आहे. आजार ओळखणं हे एक काम आहे आणि माणूस जगवणं हे दुसरं. आपल्याला वाटतं, आधी पहिलं काम, मग दुसरं. या आजाराच्या इतिहासात तसं घडलेलं नाही. ही दोन कामं निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या काळात केली, आणि पुष्कळदा ओळख अर्धवट असतानाच माणसं वाचवावी लागली.

सुरुवात १८५९ सालापासून करू. पॅरिसमध्ये ऑक्ताव्ह लाँद्री नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं: पायांपासून सुरू होणारा आणि वर वर चढत जाणारा लुळेपणा. त्यांनी त्याला 'चढता तीव्र पक्षाघात' असं नाव दिलं. पाय, मग कंबर, मग हात, मग छाती. बहुतेक रुग्ण बरे झाले. पण लुळेपणा छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला की माणूस गुदमरून जाऊ शकतो, हे लाँद्रींनी नोंदवून ठेवलं होतं. त्यांना स्वतःला फार आयुष्य लाभलं नाही. १८६५च्या कॉलऱ्याच्या साथीत रुग्णांची सेवा करताना ते गेले, चाळिशीच्या आतच.

लाँद्रींच्या हातात डोळे, बोटं आणि अनुभव एवढंच होतं. शरीराच्या आत डोकावायची सोय नव्हती. ती १८९१मध्ये आली. जर्मनीत कील इथे हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढण्याची रीत सांगितली. आपल्याकडे 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात ते हेच. या पाण्यात दोन गोष्टी पाहतात: पेशी किती आणि प्रथिनं किती. मेंदूज्वर असो, पोलिओ असो किंवा त्या काळी फार पसरलेला सिफिलिस असो, पाण्यात पेशी वाढलेल्या सापडत. डॉक्टरांच्या मनात एक समीकरण पक्कं झालं होतं की आत काही बिघाड असेल तर पाण्यात पेशी दिसणारच.

आता १९१६. पहिलं महायुद्ध ऐन भरात आहे. फ्रेंच सहाव्या सैन्याच्या मज्जाविकार केंद्रात जॉर्ज गिलँ आणि जाँ-अलेक्झांद्र बारे काम करत होते. त्यांच्याबरोबर आंद्रे स्त्रोल नावाचे एक शरीरक्रियातज्ज्ञ होते. त्यांच्याकडे दोन सैनिक आले. हातापायांना मुंग्या, ताकद गेलेली. त्यांतला एक पाठीवर पडशी चढवायला गेला तो मागे कोसळला आणि त्याला उठताच येईना. दोघांचेही हातोडीचे झटके जवळजवळ नाहीसे झालेले. स्त्रोल यांनी ते झटके यंत्रावर आलेखाच्या रूपात नोंदवले. पाठीतलं पाणी काढलं तर प्रथिनं भरपूर वाढलेली, पण पेशी जिथल्या तिथे.

मंडळी, इथे जरा थांबू. त्या पाण्यात महत्त्वाचं काय सापडलं? प्रथिनं वाढलेली होती, हे झालंच. पण तितकंच महत्त्वाचं म्हणजे जे असायला हवं होतं ते नव्हतं. आपल्या न्यायदर्शनात 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. जमिनीवर घट नाही, हेसुद्धा एक ज्ञानच आहे. पण ते कुणाला होतं? ज्याने तिथे घट असायला हवा होता असं धरलेलं असतं त्याला. गिलँ आणि बारे यांनी पेशींचा अभाव पाहिला, कारण पेशी दिसणार ही अपेक्षा त्यांच्या मनात होती. पोलिओ नाही, सिफिलिस नाही, मेंदूज्वर नाही, आणि तरीही मज्जातंतूंच्या मुळांशी काहीतरी घडतंय, असा तो निष्कर्ष होता. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची मोठी साथ चालू होती. म्हणजे हा फरक किती मोलाचा होता ते ध्यानात येईल.

ऑक्टोबर १९१६मध्ये तिघांच्या नावाने तो निबंध पॅरिसच्या वैद्यक सभेत सादर झाला. १९२७मध्ये द्रागानेस्कू आणि क्लाउदियन या दोघांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन करताना 'गिलँ-बारे' हे नाव वापरलं. स्त्रोल गळाले ते गळालेच. आलेख त्यांचे, नाव दुसऱ्यांचं.

आता या कथेतली मोठी चूक सांगतो. आम्हाला ती फार शिकवून गेली.

१९१६मधले दोन्ही सैनिक सुधारत होते. तेव्हा गिलँ यांनी ठरवलं की आपण वर्णन केलेला आजार सौम्य आहे, यातून रुग्ण बरा होतो. पुढे कितीतरी वर्षं ते याला धरून राहिले. लाँद्रींच्या रुग्णांतले काही दगावले होते, म्हणून तो आजार वेगळा, असं त्यांचं म्हणणं. याचा अर्थ काय होतो पाहा. रुग्ण बरा झाला तर तो गिलँ-बारे. मेला तर तो गिलँ-बारे नव्हताच! परिणामावरून निदान ठरवायचं आणि मग त्या निदानाच्या जोरावर सांगायचं की याचा परिणाम चांगलाच असतो. आमच्या विषयात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी दिसतात, खाली जमीन कुणाच्याच पायाशी नसते.

हा नुसता तर्काचा दोष राहत नाही. 'सौम्य' अशी पाटी लावलेल्या आजाराच्या रुग्णाचा श्वास रात्री कोण मोजणार? १९४९मध्ये हेमेकर आणि कर्नोहन या अमेरिकन डॉक्टरांनी या आजाराने दगावलेल्या पन्नास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सांगितलं की लाँद्री आणि गिलँ-बारे हे दोन आजार मानायला आधार नाही, एकाच आजाराची ही सौम्य आणि तीव्र रूपं आहेत. लाँद्री ते हेमेकर, नव्वद वर्षं झाली. नव्वद वर्षांनी दोन तुकडे जुळले.

ओळखीचा घोळ किती खोल असू शकतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१मध्ये, एकोणचाळीसाव्या वर्षी लुळे पडले. निदान झालं पोलिओ. २००३मध्ये काही संशोधकांनी त्यांची लक्षणं पुन्हा तपासून मांडलं की हा गिलँ-बारे असण्याची शक्यता जास्त. इतरांनी ते खोडून काढलं. वाद मिटलेला नाही. पण पोलिओविरुद्ध निधी उभा राहिला, लस आली, त्यामागे रूझवेल्ट यांच्या आजारपणाचा मोठा वाटा होता. ओळख चुकली असेल तरी त्यातून चांगलं घडलं, हेही इतिहासात होतं.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. श्वासाकडे.

१९२८मध्ये बोस्टनमध्ये 'लोखंडी फुप्फुस' प्रथम रुग्णावर वापरलं गेलं. मान बाहेर, बाकी सगळं शरीर पेटीत, आणि पेटीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करून छाती हलवायची. मुख्यतः पोलिओसाठी. मग १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, रुग्ण रोज डझनांनी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञांनी सुचवलं की श्वासनळीला छिद्र पाडून नळी घालू आणि भूल देताना करतो तशी रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलू. पिशवी दाबायला माणसं हवीत. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी बोलावले. शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा अतिदक्षता विभाग तिथे जन्माला आला असं मानतात.

पोलिओवर त्या विद्यार्थ्यांकडे औषध नव्हतं. गिलँ-बारेवरही तेव्हा नव्हतं. पण गिलँ-बारेत एक मोठी गोष्ट आहे: हा आजार साधारण चार आठवड्यांच्या आत वाढायचा थांबतो आणि मग हळूहळू उतरतो. तेवढे आठवडे माणूस तगवला तर पुढचं पुष्कळसं शरीर करतं. लाँद्रींच्या काळी जे गुदमरून गेले असते त्यांतले कितीतरी कोपनहेगननंतर वाचू लागले, आणि तेव्हा आजार नेमका काय आहे हे कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं.

हाताने दाबायची, आपोआप फुगणारी पिशवी, जिला आपल्याकडे अंबू बॅग म्हणतात, तीही डेन्मार्कमध्येच १९५०च्या दशकात तयार झाली. १९७९मध्ये आमच्या भावाच्या वॉर्डात व्हेंटिलेटर एकच होता आणि त्यावर दुसरा रुग्ण होता. तीन दिवस आणि तीन रात्री अंबू बॅग दाबली गेली. वैद्यकीयचे विद्यार्थी होते, एक वॉर्डबॉय होता, आमचे मेहुणे होते आणि आम्ही होतो. आपल्या श्वासाबरोबर दाबायची, म्हणजे लय चुकत नाही, असं एका विद्यार्थ्याने शिकवलं. चौथ्या दिवशी यंत्र मोकळं झालं. का मोकळं झालं, ते आम्ही विचारलं नाही.

आता कारणाकडे येऊ. हा आजार होतो कशाने?

१९५५मध्ये वॅक्समन आणि ॲडम्स यांनी सशांना मज्जातंतूंचा अर्क टोचला. काही दिवसांनी ससे लुळे पडले. म्हणजे सशाच्या प्रतिकारशक्तीने टोचलेल्या तंतूबरोबर स्वतःच्या तंतूंवरही हल्ला केला. १९६९मध्ये ॲसबरी आणि सहकाऱ्यांनी दगावलेल्या रुग्णांचे मज्जातंतू तपासले. तिथेही तंतूंभोवती लढाऊ पेशींची गर्दी दिसली. तंतूवर मायलिनचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते सोलून निघालेलं दिसलं. घरचाच पहारेकरी घरच्यांना मारतो आहे, एवढं कळलं. पण का?

धागा सापडला तो पोटात. १९८२मध्ये कॅम्पिलोबॅक्टर या जंतूने जुलाब झाल्यावर गिलँ-बारे झाल्याची नोंद आली. अर्धवट शिजलेली कोंबडी, कच्चं दूध, दूषित पाणी यांतून हा जंतू येतो. आमच्या भावाचे जुलाब आम्ही विसरलो होतो म्हणून स्वतःला पुष्कळ दोष दिला. पण १९७९मध्ये जगातल्या कुणीच हा धागा जोडलेला नव्हता.

मग उत्तर चीन. हबै प्रांताच्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलं लुळी पडत. १९९१मध्ये चिनी आणि अमेरिकन डॉक्टरांनी मिळून त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या मुलांत मायलिन शाबूत होतं, हल्ला थेट आतल्या तारेवर, ॲक्झॉनवर होता. पुढे त्यांच्यातही कॅम्पिलोबॅक्टरच्या खुणा सापडल्या. त्याच सुमारास जपानमध्ये नोबुहिरो युकी यांनी दाखवलं की या जंतूच्या आवरणावरच्या साखरेच्या रेणूची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूशी मिळतीजुळती आहे. २००४मध्ये जंतूचा तो भाग सशांना टोचून ससे लुळे पडतात, हेही सिद्ध झालं.

मंडळी, आमच्याकडे हजार-दीड हजार वर्षं एक उदाहरण घोकलं जातंय: शिंपला पाहून रुपं समजणं. नैयायिक सांगतात की या भ्रमात रुपं खोटं नसतं, ते कुठेतरी खरंच पाहिलेलं असतं. शिंपलाही खरा. दोघांत चकाकी सारखी, तीही खरी. चूक होते ती एकाचा धर्म दुसऱ्यावर लादण्यात. प्रतिकारशक्तीचं अगदी हेच होतं. जंतू शत्रू होता, ती ओळख बरोबर. मज्जातंतूवरचा रेणू त्याच्यासारखा दिसतो, तेही खरं. चुकतो तो फक्त निष्कर्ष, आणि पाय लुळे पडतात.

मात्र यावरून सगळं उलगडलं असं समजू नका. कॅम्पिलोबॅक्टरचा जुलाब झालेल्या हजारात क्वचितच एखाद्याला हा आजार होतो. इतर संसर्गांनंतरही तो होतो. मायलिन सोलणाऱ्या प्रकारात प्रतिकारशक्तीचं नेमकं लक्ष्य अजून निश्चित झालेलं नाही. एरवी वर्षाला लाखात एक-दोन माणसांना होणारा हा आजार आहे.

एक प्रकरण लसीचं. १९७६मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईने लस टोचली गेली. साथ आलीच नाही. पण लस घेतलेल्यांत दर लाखामागे साधारण एक जादा गिलँ-बारे रुग्ण दिसला आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. हे प्रकरण लसीविरुद्ध अजून सांगितलं जातं. पण पूर्ण सांगायला हवं: नंतरच्या फ्लूच्या लसींत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतका, म्हणजे नगण्य आढळला, आणि खुद्द फ्लू झाल्याने गिलँ-बारे होण्याचा धोका त्याहून जास्त असतो. त्या प्रकरणाने एक चांगलं काम मात्र केलं. रुग्ण मोजायचे तर कुणाला गिलँ-बारे म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. १९७८मध्ये निदानाचे लेखी निकष आले. वाढत जाणारी दुर्बलता आणि गेलेले हातोडीचे झटके, या दोन गोष्टी अनिवार्य. पाठीतल्या पाण्याची तपासणी पुष्टी देणारी, पण तीही पहिल्या आठवड्यात पुष्कळदा फसवते, प्रथिनं तोवर वाढलेलीच नसतात. १९१६ची ती मोठी खूण ऐन गरजेच्या वेळी गप्प बसू शकते. म्हणून आजही निदानाचा पाया रुग्णाची हकीकत आणि ती हातोडी हाच आहे.

आता उपचार. पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी: प्रतिकारशक्ती दंगा करते ना, मग तिला दाबा. स्टिरॉइड द्या. १९५०च्या दशकापासून ती दिली जात होती. आमच्या भावालाही दिली. पण १९७८मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्यांची चाचणी झाली, फायदा दिसला नाही. १९९३मध्ये शिरेतून मोठा डोस देऊन २४२ रुग्णांवर चाचणी झाली, तरी नाही. तर्क सरळ होता, मात्र शरीराने तो मानला नाही. गंमत म्हणजे याच आजाराचा एक रेंगाळणारा भाऊबंद आहे, सीआयडीपी. त्यात दुर्बलता दोन महिन्यांच्या पुढेही वाढत राहते किंवा उलटून येते. त्याला स्टिरॉइड लागू पडतं, हे १९५८मध्येच ऑस्टिन यांनी दाखवलं होतं. ओळख नेमकी असायला हवी ती अशा ठिकाणी.

दुसरी वाट: रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून बदलायचा. दंगेखोर प्रतिपिंडं त्याच्याबरोबर जातील. १९८५मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत हे उपयोगी ठरलं. प्लाझ्मा बदललेले रुग्ण लवकर चालू लागले. गिलँ-बारेवर सिद्ध झालेला हा पहिला उपचार. लाँद्रींपासून सव्वाशे वर्षांनी. मग १९९२मध्ये डच डॉक्टरांनी दाखवलं की हजारो दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं एकत्र करून शिरेतून दिली, तर निदान तितकाच गुण येतो. हेच ते आयव्हीआयजी. १९९७च्या ३८३ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही उपचार सारखे ठरले, आणि दोन्ही एकापाठोपाठ दिले तर विशेष जादा लाभ नाही हेही दिसलं. स्वतःच्या प्रतिपिंडांनी केलेली चूक हजारो परक्या माणसांची प्रतिपिंडं सावरतात. आपलं आणि परकं या शब्दांवर आम्ही वर्गात कैक तास घालवले, पण इतकं बोलकं उदाहरण आमच्या हाताशी नव्हतं.

हे दोन्ही उपचार आजाराचा काळ कमी करतात, मुळातून तो पुसत नाहीत. आजही चारांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो, चांगल्या रुग्णालयांतही शंभरातले काही जण दगावतात, आणि पाचातल्या एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. शिवाय आयव्हीआयजीचा खर्च मोठ्या माणसासाठी लाखांत जातो. म्हणून ढाक्यात डॉक्टरांनी एक साधी रीत तपासली: यंत्राविना, थोडं थोडं रक्त काढायचं, पिशवीत पेशी आपोआप तळाशी बसू द्यायच्या, वरचा प्लाझ्मा टाकायचा, पेशी परत द्यायच्या. २०१८मध्ये वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, ही रीत सुरक्षित आणि जमण्याजोगी आहे एवढं दिसलं. ती किती गुणकारी आहे, हे मोठ्या चाचणीनेच ठरायचं. पण प्रश्न बरोबर विचारला गेला आहे. आपल्या तालुक्याच्या गावी काय करता येईल, हाच तो प्रश्न.

आपल्या देशात या आजाराची नोंद पोलिओच्या सावलीत होत आली. पंधरा वर्षांखालचं मूल अचानक लुळं पडलं की कळवायचं, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, असा नियम पोलिओ निर्मूलनासाठी घालून दिलेला आहे. २०११च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा पोलिओ रुग्ण सापडला, २०१४मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण मुलं लुळी पडायची थांबली नाहीत, आणि त्या उरलेल्यांत गिलँ-बारे हे एक मोठं कारण आहे. पोलिओ शोधायला टाकलेल्या जाळ्यात हा आजार दिसू लागला.

आणि मग २०२५चं पुणं. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण मोजले गेले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. पाण्याच्या स्रोतांवर बोट ठेवलं गेलं, लोकांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. या वेळी ओळख लवकर पटली, व्हेंटिलेटर होते, आयव्हीआयजी होतं. तरीही काही जण गेले. १९१६पासून इतकं शिकलो, पण ज्या पहिल्या पायरीवर हे रोखता आलं असतं ती पिण्याच्या पाण्याची, आणि ती पायरी दवाखान्याच्या बाहेर आहे.

शेवटी ऐकणाऱ्यांच्या घरासाठी एवढंच. दोन्ही पायांना एकाच वेळी कमजोरी, काही तासांत किंवा दिवसांत वर चढणारी, मुंग्या, आणि मागच्या महिन्याभरात जुलाब किंवा ताप झालेला असेल, तर 'अशक्तपणा आहे, उद्या पाहू' म्हणू नका. व्हेंटिलेटर आहे अशा ठिकाणी त्याच दिवशी जा. नाव मागाहून ठरेल, निष्णात डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी ते छातीठोकपणे सांगता येत नाही. घरी आकडे मोजत बसून मनाचं समाधानही करून घेऊ नका. ते आकडे डॉक्टरांनी मोजायचे, रुग्णालयात, दर काही तासांनी.

आमचा भाऊ पाच आठवडे यंत्रावर होता. शुद्ध पूर्ण, बोलता येत नाही, फक्त पापण्या हलतात. आठ महिन्यांनी तो काठीशिवाय चालला. आज अडुसष्ट वर्षांचा आहे, डाव्या पावलाची टाच अजून नीट उचलत नाही, म्हणून चप्पल एका बाजूने झिजते. मध्यंतरी आम्ही त्याला विचारलं, तुला त्या तीन रात्रींतलं काय आठवतं? तो म्हणाला, दादा, पिशवी कोण दाबतंय ते मला न पाहता कळायचं. तुझी लय जरा घाईची होती.

प्रश्न असतील तर घेऊ या. उपचारांबद्दलचे मात्र कृपया डॉक्टरांना विचारा.